विरलेल्या यादीवरचं बोट

माझ्या हाताखाली काम करणारी पोरं मला मागून ‘कडू कारलं’ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि माझी काही तक्रार नाही. एखाद्यानं प्रोग्रॅममध्ये ती एक चूक केली की मी त्याला सगळ्यांसमोर उभं करते. विचारते, ‘यादी कुठंय?’ तो स्क्रीनवर दाखवतो. मग विचारते, ‘ही ओळ संपल्यावर कुठंय?’ तो पुन्हा तीच ओळ दाखवतो. मी त्याला तसंच उभं ठेवते, बस म्हणत नाही. एकदा एक मुलगी रडली, तरी मी तिला बस म्हटलं नाही.

चूक समजायला अवघड नाही. कॉम्प्युटरला आपण सांगतो, या सगळ्या नावांतून अमुक अटीत बसणारी वेगळी काढ. तो एक नवी यादी करतो. तिची सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, एवढं कळलं की झालं. ह्या इथपासून तिथपर्यंतला आमच्या धंद्यात रेंज म्हणतात. त्या रेंजमध्ये हवा तो माणूस सापडला की कॉम्प्युटर त्याचं नाव हातात देत नाही, त्याच्या जागेवर नुसतं बोट ठेवतो. ह्या बोटाला इटरेटर म्हणतात. आता ती यादी तात्पुरती असेल, तिला काही नाव देऊन जपून ठेवली नसेल, तर ती ओळ संपली की यादी मोडली जाते आणि तिची जागा दुसऱ्याला मोकळी होते. बोट मात्र तिथंच राहतं. आठवडे बाजारात तुम्ही पोराला सांगितलं, चिंचेखाली बसलाय ना, त्याच्याकडनं मिरच्या आण, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी गेलं. चिंच जागेवर आहे. खाली कुत्रं बसलंय.

त्याहून वाईट असं की पोरगं लगेच गेलं तर मिरचीवाला बोचकं बांधत तिथंच सापडतो. म्हणजे चूक असूनही मिरच्या घरी येतात. लिहिणारा खूश होतो आणि छाती फुगवून सगळ्यांना सांगत फिरतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न ह्या चुकीनं मोडलं. नुसतं लग्न मोडलं असतं तर मी एकवेळ पाणी सोडलं असतं. तिच्या भावालाही ह्याच चुकीनं खाल्लं.

पेठच्या अलीकडं आमचं घर. आम्ही दोघी बहिणी, सख्खा भाऊ नाही. पण अंगणापलीकडं चुलत्याचं घर आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ताईच्याच वयाचा. तो आमचा भाऊ. ‘चुलत’ हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नव्हता. ताईला मंचरच्या कॉलेजात सायकलवर डबलसीट तोच सोडायचा. एसटीत तिला कुणी मुद्दाम धक्का दिला म्हणून मंचरच्या स्टँडवर त्यानं एकाचे दात पाडले होते आणि वर त्यालाच दवाखान्यात नेलं होतं. राखीला तो सकाळी अंघोळ करून आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि ताई मुद्दाम उशीर करायची. तो बोंबलायचा, ‘ए भवाने, म्हशी सोडायच्यात मला!’

ताईला आळे गावचं स्थळ आलं ते दोन हजारच्या आसपास. मुलगा दूध डेअरीत नोकरीला, घरी बागायत, माणसं बरी. पाहून गेले आणि होकार कळवला. मुलाचा मामा वधूवर मेळावा भरवणाऱ्या मंडळात होता, आणि त्याला भारी हौस. त्यानं निरोप धाडला, ‘सोयरीक मेळाव्यात जाहीर करू. माईकवर. यंदा आपल्याकडं कॉम्प्युटर बी हाय.’ म्हणजे ताईला फक्त स्टेजवर जाऊन उभं राहायचं होतं. कॉम्प्युटर आळ्याच्या मुलाचं नाव काढणार, टाळ्या पडणार आणि नारळ दिला-घेतला जाणार. आईनं पोपटी साडी काढून ठेवली.

कॉम्प्युटर आमच्या सरांचा. मंचरला त्यांचा क्लास होता आणि मी तिथं शिकायला जात होते. सर पुण्याला शिकून आलेले. बोलताना अर्धं वाक्य इंग्रजीत टाकायचे आणि मग आम्हाला ते कळलं नाही म्हणून हसायचे. मेळाव्याचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. प्रत्येक मुलीसाठी आधी वेगळ्या देवकाची मुलं निवडायची आणि त्यांतला सगळ्यात अनुरूप काढायचा. आमच्यात देवक एक असलं की मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. तिथं सोयरीक होत नाही. शिवाय चिठ्ठीच्या खाली, एका देवकाची म्हणून वर्ज्य असलेली स्थळंही छापायची, म्हणजे कुणी चुकून पुढं बोलणी करू नये. मेळाव्यात आलेल्यांची माहिती आम्ही पोरींनी टाइप केली. आमचा भाऊही लग्नाचा होता, त्याचीही माहिती मीच भरली.

सरांनी क्लासमध्ये प्रोग्रॅम चालवून दाखवला. नावं खोटी, देवकं सगळी वेगवेगळी. प्रिंटर करकरला, चिठ्ठी बरोबर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मेळावा आळेफाट्याच्या एका मंगल कार्यालयात होता. आमची भावकी मोठी, जीपा भरभरून आली. त्यातली एक जीप भावानंच चालवत आणली होती. पुढं ताई आणि आई, मागं आम्ही कोंबलेलो. आत गेल्यावर दिसलं की मांडवात लग्नाची जेवढी मुलं होती त्यांतली निम्मी आमच्याच आडनावाची. कुणीतरी म्हणालंही, ‘निस्ती यांचीच पोरं हायेत, पोरी कुठनं आणायच्या?’

ताईचं नाव पुकारलं. ती गेली. नाव, गाव, शिक्षण बी. ए. एवढं सांगून हात जोडून उभी राहिली. सरांनी बटण दाबलं. चिठ्ठी निघाली, ती मंडळाच्या सेक्रेटरीच्या हातात गेली. सेक्रेटरी जाडजूड, आवाजावर स्वतःच खूश असलेला माणूस. ‘संगणकानं निवडलेलं अनुरूप स्थळ,’ असं म्हणून त्यानं वाचायला सुरुवात केली. मुलाचं नाव वाचलं. वडिलांचं वाचलं. आडनाव वाचलं, गाव वाचलं, आणि सगळं वाचून झाल्यावर तो थांबला.

 मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, ‘आवो, त्यो तर तिचा भाऊ न्हाय का?’

त्यानंतर जे हसू उठलं ते मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. म्हातारी माणसं फेटे सावरत हसली. पोरांनी शिट्ट्या घातल्या. सेक्रेटरीला वाटलं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून तो माईकवर म्हणाला, ‘बरं हाय की राव! घरच्या घरात. देण्याघेण्याचा घोरच न्हाय!’ पुन्हा हसू. भाऊ जीपची किल्ली हातात धरून खांबाला टेकून उभा होता. आजूबाजूची पोरं त्याला ढोसत होती. त्यानं एकाच्या कानशिलात दिली आणि बाहेर गेला. आणि ताई हसत होती. काय करावं ते न कळल्यावर माणूस हसतो तसं, हात जोडलेलेच. ते हसणं पुढं तिच्यावर उलटलं. ‘निलाजऱ्यावानी हसत व्हती,’ असं लोक म्हणाले, ‘तवाच वळखावं.’

तेव्हाही सगळं सावरता आलं असतं. सरांनी माईक घ्यायचा आणि म्हणायचं, माझी चूक झाली. त्यांनी माईक घेतलाही. म्हणाले, ‘प्रोग्रॅम टेस्ट केलेला आहे. मशीन खोटं बोलत नाही. माहिती जशी भरली तशी बाहेर येणार.’ आणि माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर पिवळं कापड टाकलं आणि उरलेला मेळावा तोंडी झाला.

मशीन खोटं बोलत नाही. हे वाक्य आमच्या आधी पेठला पोहोचलं. गिरणीत बायका दळण ठेवून थांबायच्या आणि म्हणायच्या, ‘उगी कसं निघंल? मशीनला काय त्यांचं वाकडं हाय?’ कुणाला सायकलवरचं डबलसीट आठवलं. कुणाला स्टँडवरची मारामारी आठवली. भावानं बहिणीसाठी केली ती मारामारी आता दुसऱ्याच कशासाठी केली असं ठरलं. जी माणसं ह्या पोरांना उघडी-नागडी एकत्र खेळताना बघत आली होती, त्यांनीच हे ठरवलं.

आळ्याचा मामा आला. चहा घेतला नाही. वडिलांना म्हणाला, ‘पोरीत खोट न्हाय वो पावणं. पण आमी कुठंकुठं सांगत बसायचं?’ आणि गेला.

चुलतीनं अंगणात मधोमध पत्रे उभे केले. त्या दिवशी भाऊ नेहमीसारखा आमच्या ओट्यावर आला होता. ताई पाणी घेऊन बाहेर आली. पत्र्यापलीकडून चुलती ओरडली, ‘घरात ये मुकाट! अजून तोंड काळं करायचं राह्यलंय का?’ तो उठला. पाण्याचा तांब्या ताईच्या हातातच राहिला. तो पुन्हा आला नाही. त्या वर्षी राखीला ताई अंघोळ करून ओट्यावर बसली होती, आणि वडील शेताकडं निघून गेले.

घरात माझ्याकडंही बघणं बदललं होतं. माहिती मी भरली होती ना. आईनं एकदा सरळ विचारलं, ‘तुझ्या हातनं काय झालं का गं?’ तेव्हा मी ठरवलं की तो प्रोग्रॅम वाचायचा. क्लासच्या कॉम्प्युटरवर तो तसाच पडून होता. मला पुष्कळ दिवस लागले, कारण चूक दिसत नव्हती. एकाच ओळीत यादी मागवली होती आणि त्याच ओळीत तिच्यातल्या माणसावर बोट ठेवलं होतं. वाचायला इतकं गोंडस की कुणालाही वाटावं, काय हुशार माणूस आहे.

त्या ओळीत वेगळ्या देवकाच्या मुलांची यादी झाली. तिच्यात आळ्याचा मुलगा सापडला, बोट त्याच्यावर ठेवलं गेलं, आणि ओळ संपताच यादी मोडली. पुढच्या ओळीत वर्ज्य मुलांची यादी झाली, चिठ्ठीच्या तळाला छापायला. तिला जागा लागली. इतर मुलींच्या वेळी वर्ज्य मुलं इनमीन दोन-तीन असायची, त्यांना दुसरीकडं कुठंतरी बारकी जागा मिळायची आणि जुनी नावं मोडलेल्या यादीत तशीच वाचता यायची. आमची भावकी जीपा भरून आली होती. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच लांब झाल्या, म्हणून दुसरी नेमकी पहिलीच्या जागी बसली. मग चिठ्ठी छापायला बोटाखालचं नाव वाचलं, तर आळ्याचा मुलगा जिथं होता तिथं आता आमचा भाऊ होता. बोट हललंच नव्हतं. कॉम्प्युटरनं त्याला निवडलं नव्हतं, वगळलं होतं. मशीननं म्हटलं होतं की हा तिचा भाऊ आहे.

मी सरांना एकटं गाठून दाखवलं. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला तेव्हाच मला समजलं की कळलंय. म्हटलं, ‘सर, आळ्याला चला आणि एवढं सांगा.’ ते म्हणाले, ‘क्लासचं नाव जाईल.’ आणि वर म्हणाले, ‘तुझ्या बहिणीला काय, दुसरं मिळेल.’

मग मी एक दिवस क्लास भरलेला असताना त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. मुलींमध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नाव टाकलं. मुलांमध्ये सरांचं टाकलं. बाकी नावं अशी भरली की दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या होतील. बटण दाबलं. चिठ्ठी हातात घेऊन, त्या सेक्रेटरीच्या आवाजात, पार गावाच्या नावापर्यंत वाचली. पोरं-पोरी बाकांवर लोळली. सरांनी मेन स्विच बंद केला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाताना मी म्हटलं, ‘मशीन खोटं बोलत नाही, सर.’ दुसऱ्या दिवशी मंचरच्या बाजारात हेच चाललं होतं. त्यांची बहीण कुठल्याशा शाळेत शिक्षिका होती, तिला म्हणे शाळेत जाणं नकोसं झालं. मला तिची दया आली का? नाही आली. आमच्या घरातली दया तेव्हा संपलेली होती.

सरांनी प्रोग्रॅम सुधारला. यादीला एक नाव दिलं, वरच्या ओळीत जपून ठेवली, मग तिच्यावर बोट ठेवलं. एवढंच करायचं असतं; बोटाचं काम होईपर्यंत यादी जिवंत ठेवायची. पुढच्या मेळाव्यात तो छान चालला, असं ऐकलं. आता तर प्रोग्रॅमच्या भाषेतच सोय झाली आहे. तात्पुरत्या यादीत शोधायला सांगितलं तर बोट मिळतच नाही. हातात एक निकामी खूण येते, आणि तिला काही विचारायला गेलं की प्रोग्रॅम तयारच होत नाही. पोरं कुरकुरतात, कशाला एवढी कटकट म्हणून, आणि जुन्याच रीतीनं लिहितात. मी त्यांना उभं करते ते ह्याचसाठी.

वडिलांना घेऊन मी आळ्यालाही गेले. कागदावर रेघा ओढून मुलाच्या आईला सगळं समजावलं. मुलगा शेजारी टीव्हीवर क्रिकेट बघत होता, त्यानं मान वळवली नाही. बाई मात्र हुशार होती, तिला लगेच उमगलं. ‘म्हंजी जागा तीच, माणूस बदललं. आसंच ना?’ मी म्हटलं, हो, असंच. तिनं कागद घडी घालून मला परत दिला. ‘खरं आसंल पोरी. पर हसणारं माणूस कारण इचारून हसत न्हाई.’ वडील उठले. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले की आता पुरे, पुन्हा कुणाला काही सांगायचं नाही.

घरी ताईला मी तोच कागद घेऊन सांगायला बसले. तिनं सगळं ऐकलं. ‘त्याला सांगितलंस का?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, चुलती पत्र्याच्या पुढं येऊ देत नाही. ‘मंग मला कशाला सांगतीस,’ ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

पुढं तिला पारगावचा एक बिजवर मिळाला. वयानं मोठा, आधीची बायको वारलेली, बाकी नाव ठेवण्यासारखं काही नाही. त्या लोकांनी हुंडा मागितला नाही. एकच अट घातली, ‘त्यो पोरगा मांडवात नजरंला पडता कामा नये.’ वडिलांनी मान खाली घालून हो म्हटलं. ताईला विचारलं तेव्हा तिनंही हो म्हटलं.

लग्न आमच्याच दारात झालं. भाऊ आला. चुलतीला न जुमानता आदल्या दिवसापासून आला, पण मांडवाच्या मागच्या अंगाला, आचाऱ्यांच्यात. लाकडं फोडली, पाणी भरलं, पत्रावळ्या मोजल्या. अंगात नवा पांढरा सदरा होता. आचारी चेष्टा करत होता, ‘चुलीपाशी कुणी नवं घालतं का रं?’ तो लाकडं फोडत राहिला. मागं काय हवं-नको ते विचारायला मी मधूनमधून जात होते, की पुढचं त्याला सांगायला, ते आता आठवत नाही. कानपिळीच्या वेळी मी मागंच होते.

नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. भटजींच्या गळ्याशी माईक होता. त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीच्या आनंदी आवाजात विचारलं, ‘चला, नवरीचा भाऊ कुठंय? भावाला बोलवा!’

आम्ही दोघांनी हातातलं काम थांबवलं. भावानं हात पुसले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.  भटजींनी पुन्हा विचारलं. मग भोंग्यातून ताईचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

‘मला भाऊ न्हाई.’

आचाऱ्यानं आमच्याकडं बघितलं आणि नजर फिरवली.  भावानं लावलेली गुंडी काढली, सगळा सदरा काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

‘धर,’ तो म्हणाला. ‘भाताला हात लावायचाय. खराब व्हईल.’